केरबानं चालवलेलं भुयार

एका गावात एक भोळा कुंभार होता, आणि गावातल्या शहाण्या माणसांनी त्याला भुयार चालवायला दिलं. ह्यात जास्त भोळं कोण, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

कुंभाराचं नाव केरबा. वय चाळीस. सांगितलेलं काम तो फार मन लावून करायचा. इतकं मन लावून, की लोक त्याला काम सांगायला घाबरायचे. लहानपणी आईनं ‘दुधावर लक्ष ठेव’ म्हणून सांगितलं होतं. दूध तापलं, वर आलं, उतू गेलं, चुलीत सांडलं. केरबानं शेवटच्या थेंबापर्यंत लक्ष ठेवलं.

आता भुयाराचं. ते काही खरं भुयार नव्हतं. तो एक खेळ होता. टेबलाभोवती चार माणसं बसतात. एक जण सूत्रधार. तो सांगतो, ‘तुम्ही एका अंधाऱ्या भुयारात आहात, समोर लोखंडी दार आहे.’ बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा होतो, कुणी चोर, कुणी मांत्रिक. मग ते सांगतात, ‘मी दार ढकलतो.’ वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा बरा पडला तर दार उघडतं, नाही पडला तर दार अंगावर पडतं. एवढ्यासाठी शिकलीसवरलेली माणसं दर रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायची. वाचनालयात वाचायला कुणी येत नसे, त्यामुळं खोलीची अडचण नव्हती.

खेळणारे तिघं. शालनताई रेडेकर पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांची योद्धा भैरवी. सहा वर्षं त्या भैरवी होत्या आणि सहा वर्षांत भैरवीला ओरखडा आला नव्हता. बळवंतराव टिपुगडे यांचं औषधांचं दुकान. ते मांत्रिक व्हायचे. आणि सायकली दुरुस्त करणारे उस्मानभाई. त्यांचा चोर होता, नाव मांजरपाय. सूत्रधार होते दिनकरकाका, चित्रकलेचे जुने शिक्षक. केरबा ह्या सगळ्यांना मातीची पात्रं घडवून द्यायचा. भैरवी, मांत्रिक, मांजरपाय, राक्षस, सगळे बोटभर उंचीचे. ती टेबलावर मांडायची आणि मग कोपऱ्यात बसून खेळ बघायचा. त्यात त्याला फार सुख होतं.

मग एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. खेळाची नवी नियमावली आली. तीनशे चाळीस पानांची. जुन्या नियमांत शक्ती संपली की पात्र बेशुद्ध पडायचं, आणि पाणी मारलं की उठायचं. नव्या नियमांत ते सरळ मरायचं. प्रगती म्हणतात ती हीच. नियमावलीसोबत ‘काळभुयार’ नावाचं नवं भुयारही आलं. ‘ह्यातून कुणीही जिवंत परतत नाही’ असं वेष्टनावर छापलं होतं. ते वाचून तिघांनाही कधी एकदा आत जातो असं झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे दिनकरकाका नवी नियमावली वाचता वाचता जिना उतरत होते. पाय मोडला. दीड महिना प्लास्टर.

त्यात वाचनालयाचे कार्यवाह गुलाबराव येऊन सांगून गेले, “मागची खोली आम्हाला पाहिजे. माझ्या सत्कारांची मानचिन्हं घरात मावेनात. तुमच्या खेळाचा समाजाला काय उपयोग आहे ते महिनाअखेरच्या रविवारी येऊन बघतो. नसला उपयोग, तर खोली खाली करा.”

म्हणजे महिनाभर खेळ नीट चालायला हवा होता, आणि चालवायला माणूस नव्हता. तिघांपैकी कुणीच सूत्रधार व्हायला तयार होईना. भैरवीला सोडून शालनताईंना जगायचं नव्हतं, आणि बाकीच्या दोघांना तीनशे चाळीस पानं वाचायची नव्हती.

“केरबाला वाचता येतं,” उस्मानभाई म्हणाले.

नेमणुकीला गावात एवढी पात्रता पुरते.

केरबा दिनकरकाकांकडे गेला. काका पाय टांगून पडले होते.

“केरबा, घाबरू नकोस,” काका म्हणाले. “पुस्तकात जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवायचं. पदरचं काही घालायचं नाही.”

“जसंच्या तसं,” केरबा म्हणाला. “कळलं, काका.”

‘कळलं’ म्हणायची त्याला फार हौस होती. त्यानं रुमालाला गाठ मारली आणि घरी गेला.

पहिला रविवार उजाडला. केरबानं पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि वाचायला लागला.

“पान बारा. तुम्ही एका दालनात आहात. समोर दोन पेट्या आहेत. पुढील मजकूर फक्त सूत्रधारासाठी. खेळाडूंना वाचून दाखवू नये. उजव्या पेटीत विषारी धूर आहे. ती उघडणारा तत्काळ मरतो. डाव्या पेटीत किल्ली आहे.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“मी डावी पेटी उघडते,” शालनताई म्हणाल्या.

“किल्ली मिळाली,” केरबा म्हणाला. “पान तेरा. लांब बोळ. खेळाडूंना सांगू नये, परंतु चौथ्या फरशीखाली भाल्यांचा खड्डा आहे.”

“आम्ही चौथी फरशी ओलांडतो,” बळवंतराव म्हणाले.

“सूत्रधाराने इथे गूढ हसावे,” केरबानं वाचलं. हसला मात्र नाही. वाचून दाखव एवढंच काकांनी सांगितलं होतं.

असं करत करत ते जीवघेणं भुयार पहिल्या मजल्यापुरतं वीस मिनिटांत संपलं. कुणालाही खरचटलं नाही. उस्मानभाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “ह्यातनं तर माझी सासू पण फिरून येईल, काठी टेकत.”

केरबा खूश होऊन काकांकडे गेला. “सगळे जिवंत हायत, काका!”

काकांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“अरे गाढवा, सापळे सांगायचे नसतात! भुयारातलं गुपित ते गुपित. कुणी कितीही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही.”

“तोंड उघडायचं न्हाई. आता कळलं.”

रुमालाला गाठ. केरबा घरी.

दुसऱ्या रविवारी तो टेबलाशी बसला. पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, आणि ओठ घट्ट मिटले.

“हं, केरबा,” बळवंतराव म्हणाले. “समोर काय दिसतंय?”

“ते सांगायचं नसतं.”

“अरे, पण अंधार आहे की उजेड?”

“कुणी कितीही विचारलं तरी.”

आता तीन मोठी माणसं, न दिसणाऱ्या भुयारात, न सांगितलेल्या दिशेनं, चाचपडत चालली. मी डावीकडं वळतो, कुणी म्हणायचं. केरबा पुठ्ठ्यामागं फासा टाकायचा, आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि उसासा सोडायचा. मी मशाल पेटवते. उसासा. मी भिंतीला कान लावतो. लांब उसासा. मध्येच उस्मानभाईंनी पाण्याचा तांब्या कुठं ठेवलाय विचारलं. केरबानं तेही सांगितलं नाही.

बळवंतरावांना मात्र त्या दिवशी रंग चढला होता. त्यांनी अकरा मंत्र टाकले. त्यातले तीन तर उभं राहून, हात वर करून. खेळ संपल्यावर दुकान उघडायच्या आधी भाजी घ्यायला म्हणून ते खुशीत बाजाराकडं गेले.

केरबानं वही काकांना नेऊन दाखवली. काकांनी चष्मा लावला. वाचता वाचता चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“केरबा, बळवंतरावांचा मांत्रिक पावणेअकरालाच मेलाय.”

“व्हय. वरनं शिळा पडली.”

“आणि ते साडेबारापर्यंत मंत्र म्हणत होते?”

“लई छान म्हणत होते.”

“अरे, मग सांगायचं नाही का, तुम्ही मेलात म्हणून?”

“गुपित होतं, काका.”

काकांचा टांगलेला पाय हलला. “मेल्याचं गुपित नसतं रे बाबा! मेला की त्या क्षणी सांगायचं. जा, आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी जा. ते नसले तर घरच्यांकडं निरोप ठेव. आणि जरा बरं बोल. सहा वर्षांची सोबत होती.”

“त्या क्षणी सांगायचं. घरच्यांना सांगायचं. बरं बोलायचं. आता कळलं.”

तीन गाठी मारून केरबा तडक बळवंतरावांच्या दारात उभा राहिला. बळवंतराव अजून बाजारातून यायचे होते. त्यांच्या पत्नी वत्सलाबाईंनी दार उघडलं. हात पिठाचे होते.

केरबानं टोपी काढली. “वहिनी, बळवंतराव गेले.”

“कुठं गेले?”

“भुयारात गेले. वरनं शिळा पडली.”

वत्सलाबाईंनी चौकट धरली. “कधी?”

“पावणेअकराला.”

“अहो, दीड वाजत आला! आणि तुम्ही आत्ता सांगताय?”

“आतापर्यंत गुपित होतं,” केरबा म्हणाला. मग त्याला बरं बोलायचं आठवलं. “लई मोठा माणूस गेला, वहिनी. सहा वर्षांची सोबत. मेल्यावर सुद्धा पावणेदोन तास बोलत होते.”

वत्सलाबाईंनी जी किंकाळी फोडली ती बसथांब्यापर्यंत गेली. शेजारी आले. शेजाऱ्यांचे शेजारी आले. मयताच्या कामात गाव कधी मागं राहिलेलं नाही. दोघं बांबू आणायला गेले, एक जण मडक्यासाठी केरबाच्याच घरी गेला.

एवढ्यात बळवंतराव मेथीच्या दोन जुड्या घेऊन गल्लीत शिरले. पुढं गर्दी. रडणं. त्यांनी चपला काढल्या, पिशवी पाठीमागं धरली आणि कडेच्या माणसाला हळूच विचारलं, “कोण गेलं हो?”

“बळवंतराव,” तो मान न वळवता म्हणाला.

“अरेरे,” बळवंतराव म्हणाले. “काही वय नव्हतं.”

ते मान खाली घालून मिनिटभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी वर पाहिलं आणि ते दार त्यांच्या ओळखीचं निघालं.

पुढं काय झालं ते सांगत नाही. वत्सलाबाई हसत होत्या की रडत होत्या ते त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. बळवंतरावांची मेथी सगळी अंगणात सांडली होती. बांबू आणायला गेलेले दोघं एवढ्या लांबून ते खांद्यावर घेऊन आले, आणि जिवंत माणूस बघून जरा नाराजच झाले.

संध्याकाळी बळवंतराव काकांकडं गेले. “तुमचा कुंभार मला परत दिसला तर त्याच्या चाकावर त्यालाच बसवीन,” म्हणाले. पण आठवड्याभरात राग उतरला. खरं सांगायचं तर आपण गेल्यावर किती माणसं जमतात हे त्यांना समजलं होतं, आणि आकडा त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरा होता.

काकांनी केरबाला बोलावलं. ह्या वेळी ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज फार शांत होता.

“केरबा, नीट ऐक. माणूस वेगळा आणि पात्र वेगळं. दोघं वेगवेगळे आहेत असं समज. बळवंतराव वेगळे, त्यांचा मांत्रिक वेगळा. शालनताई वेगळ्या, भैरवी वेगळी.”

“वेगवेगळे.”

“आणि लोक घाबरले, किंचाळले, की पहिलं वाक्य काय बोलायचं? ‘घाबरू नका, हे खरं नाही, नुसता खेळ आहे.’ पाठ कर.”

“आता कळलं,” केरबा म्हणाला. त्यानं ते वाक्य आठवडाभर मडक्यांसमोर म्हणून पाठ केलं. एकही मडकं घाबरलं नाही.

तिसरा रविवार बरा सुरू झाला. केरबा आता जेवढं सांगायचं तेवढं सांगायचा, लपवायचं ते लपवायचा. बळवंतरावांनी नवं पात्र घेतलं होतं, भस्मनाथ नावाचा बैरागी. टेबलावर केरबानं दालन मांडलं होतं. मातीचे खांब, मातीची विहीर, मातीचे साप.

सापांच्या मागून एक विंचू निघाला.

तो मातीचा नव्हता. काळा, बोटभर, नांगी वर केलेली. तो भैरवीला वळसा घालून सरळ शालनताईंच्या हाताकडं यायला लागला.

“अगं आई गं!” शालनताई किंचाळल्या.

किंचाळी ऐकल्याबरोबर केरबा उठला. हाच तो प्रसंग.

“घाबरू नका,” तो मोठ्यानं म्हणाला. “हे खरं न्हाई, नुसता खेळ हाय.”

“अरे, खरा आहे तो! मागं हो!” बळवंतराव ओरडले.

“खेळ हाय, राव. हे बघा.” आणि सगळ्यांची खातरी पटावी म्हणून केरबानं विंचू दोन बोटांत धरून उचलला.

विंचवानं नियमावली वाचलेली नव्हती.

केरबाचा हात खांद्यापर्यंत सुजला. उस्मानभाईंनी त्याला सायकलवर घालून दवाखान्यात नेलं. दोन इंजेक्शनं झाली. आणि ह्या सगळ्या वेळात, डोळ्यांतून पाणी गळत असताना, केरबा पुटपुटत होता, “हे खरं न्हाई, हे खरं न्हाई.” उस्मानभाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “गप रे बाबा. दुखतंय तर दुखतंय म्हण. त्याला काय नियम नाही.”

हात गळ्यात बांधून तो काकांसमोर उभा राहिला, तेव्हा काकांना त्याची दया आली. दया आली की माणूस जास्त उपदेश करतो.

“केरबा, पोरा, खेळात आणि खऱ्यात फरक करायचा असतो. खेळात कुणी ‘खरंच’ असं म्हणत नाही. कुणाच्या तोंडून ‘खरंच जीव जातोय’ असं आलं, की खेळ तिथंच बंद. पहिल्यांदा माणसं खोलीबाहेर काढायची. मग आत कोण अडकलं असेल त्यांच्यासाठी मिळेल ती मदत आणायची. विचार करत बसायचं नाही.”

“विचार करत बसायचं न्हाई,” केरबा म्हणाला. “आता कळलं.”

एका हातानं गाठ मारता येईना. काकांनी स्वतः मारून दिली.

महिनाअखेरचा रविवार आला. गुलाबराव वाचनालयात आले. टेबलापासून दोन हातांवर खुर्ची घेऊन, पायावर पाय टाकून बसले. समाजाला उपयोग दिसला नाही तर त्याच दुपारी मानचिन्हं हलवायची म्हणून त्यांनी टेंपो सांगून ठेवला होता.

आणि काय सांगावं, केरबानं त्या दिवशी भुयार चालवलं ते असं, की दिनकरकाकांनीही चालवलं नसतं. सुजलेला हात गळ्यात, आवाज खालचा. त्यानं भुयाराचा नकाशा टेबलावर पसरला. काकांनीच तो मोठ्या कागदावर काढून दिला होता, पावलांच्या मापासकट. त्यावर त्यानं तिन्ही पात्रं उभी केली. शेवटचं दालन आलं. मागचं दार कोसळलं. भिंतीतल्या भोकांतून पाणी यायला लागलं. पाणी घोट्याला. पाणी गुडघ्याला. मशाल विझली. नव्या नियमांत बेशुद्ध पडायची सोय नव्हती. प्रत्येक फासा म्हणजे शेवटचा.

मांजरपायानं कुलूप फोडायला फासा टाकला. तीन पडले. कुलूप फुटलं नाही. भस्मनाथानं पाणी थोपवायला फासा टाकला. पाच. पाणी थोपलं नाही. गुलाबरावांनी पायावरचा पाय काढला. खुर्ची पुढं ओढली. थोड्या वेळानं त्यांना स्वतःलाच कळलं नाही, पण ते टेबलावर कोपरं टेकून नकाशाकडं बघत होते.

“कमरेला आलं पाणी,” केरबा म्हणाला.

“मग आता?” हे गुलाबराव विचारत होते.

शालनताई उठल्या. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली. सहा वर्षं त्यांनी भैरवीला जपलं होतं. पोस्टातली खिडकी बंद झाल्यावर, घरात दुसरं माणूस नसताना, रविवारची वाट बघायला लावणारी ती एकच बाई होती. त्यांचे डोळे भरून आले.

“केरबा,” त्या म्हणाल्या, “खरंच जीव जातोय रे भैरवीचा. काढा कुणीतरी आम्हाला बाहेर!”

गुलाबरावांनी रुमाल काढून नाक पुसलं. “ठेवा बुवा खोली तुम्हालाच,” असं ते म्हणणार होते. ‘ठेवा’पर्यंत आलेही होते.

केरबा ताडकन उठला. “खेळ बंद!”

पुढं सगळं फार वेगानं झालं. त्यानं शालनताईंना दंडाला धरून मागच्या दारानं परसात काढलं. त्यांच्यामागं बळवंतराव. त्यांच्यामागं उस्मानभाई. शेवटी ‘ठेवा’ म्हणणारे गुलाबराव. मग धोक्याच्या जागी कुणी परत येऊ नये म्हणून दाराला आतून कडी घातली. नकाशा उचलला आणि पुढच्या दारानं रस्त्यावर धावला.

परसाच्या फाटकाला कुलूप होतं. किल्ली वाचनालयात होती. परसात चौघं.

रस्त्यावर गटाराचं काम चाललं होतं. निवडणूक जवळ आल्यामुळं रविवारीही चाललं होतं. पिराजी नावाचा चालक जेसीबीवर बसून भेळ खात होता.

“पिराजी!” केरबा ओरडला. “तिघं अडकलेत! भुयारात! पाणी कमरेला आलंय!”

पिराजीनं भेळ टाकली. “कुठं?”

“वाचनालयाच्या मागच्या खोलीत!”

“कोण हायत?”

“भैरवी, भस्मनाथ आणि मांजरपाय.”

“आपल्या गावचे?”

“न्हाई. बाहेरचे.”

“कामाला आलेले असतील,” पिराजी म्हणाला. “बिचारे.” त्यानं जेसीबी चालू केला. पिराजी चांगला माणूस होता. चांगली माणसं जास्त प्रश्न विचारत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या हातात जेसीबी देऊ नये.

गर्दी जमली. मांजरपाय हे नाव सीमेपलीकडचं असणार असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं तर त्याला कालच टपरीवर पाहिलं होतं. केरबा नकाशा धरून पुढं, जेसीबी मागं.

“प्रवेशद्वारापासनं आत वीस पावलं,” केरबा वाचत होता. “मग खाली.”

पायऱ्या गेल्या. व्हरांडा गेला. मागच्या खोलीची भिंत आडवी येत होती. पिराजीनं ती बाजूला केली. खोली कुणाला द्यायची, हा प्रश्न तिथंच सुटला.

एव्हाना चौघं परसाच्या भिंतीवरून उतरून, वळसा घालून पुढं आले होते. बासष्ट वर्षांच्या शालनताईंना उस्मानभाईंनी हात दिला होता. गुलाबरावांना तिघांनी मिळून ढकललं होतं.

“केरबा, थांब!” शालनताई धापा टाकत म्हणाल्या. “अरे, मी इथं आहे! मी बाहेर आहे!”

“तुम्ही वेगळ्या, ताई,” केरबा मायेनं म्हणाला. “भैरवी वेगळी. काकांनी सांगितलंय. ती अजून आत हाय.”

“अरे, ती मातीची आहे! तू केलीस ती!”

“मी केली म्हणून बुडू देऊ व्हय?”

हे ऐकून गर्दीतल्या चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

गुलाबराव मधे घुसले. “बंद करा! माझं वाचनालय! माझी भिंत! आत कुणी नाही!”

आता गाव खवळलं. “तीन जीव आत बुडायला लागलेत, आणि तुम्हाला भिंतीची पडलीय?” एकानं विचारलं. “बाहेरच्या माणसाचा जीव जीव नाही का?” दुसऱ्यानं विचारलं. गुलाबरावांना दोघांनी धरून कडेला बसवलं आणि पाणी पाजलं.

खड्डा आठ फूट झाला. दहा झाला. बारा झाला. माती, मुरूम आणि एक जुना पाइप. पिराजीनं यंत्र थांबवलं. खाली उतरून त्यानं खड्ड्याला कान लावला.

“केरबा, आवाज न्हाई रे येत. जागा हीच हाय ना? बघ बरं नीट.”

केरबानं नकाशा बघितला. जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

“अरं देवा! उलटा धरला होता!”

त्यानं नकाशा फिरवला, प्रवेशद्वारापाशी उभा राहिला, तोंड दुसऱ्या बाजूला केलं आणि वीस पावलं मोजत निघाला. रस्ता ओलांडला. एक फाटक उघडलं. तुळशीला वळसा घातला आणि विसाव्या पावलाला एका दाराशी थांबला.

“पिराजी, हिकडं आण!”

पिराजीनं जेसीबी वळवला. सगळं गाव मागून निघालं. ते घर कुणाचं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. गुलाबरावांना तर नक्कीच माहीत होतं, कारण ते उठून धावत सुटले होते.

पण केरबा आता पुष्कळ शिकला होता. पहिल्यांदा माणसं बाहेर काढायची, मग मदत. त्यानं कडी वाजवली. गुलाबरावांच्या पत्नीनं दार उघडलं. हातात आमटीचं भांडं होतं. आत पाटावर पाहुणे जेवत होते.

केरबानं टोपी काढली.

“काकू,” तो म्हणाला, “ताटं तेवढी उचला. तुमच्या स्वयंपाकघराखाली तिघंजण बुडायला लागलेत.”